वळणावर टिकणारी हॅचबॅक: ट्रॅकसाठी गाडी बांधण्याचा क्रम

मारुती स्विफ्ट मे २००५ मध्ये भारतात आली. तेव्हापासून नांदेड-लातूरकडच्या हौशी ड्रायव्हरची पहिली 'पळणारी' गाडी बहुधा तीच असते. तिच्या जोडीला चाकणच्या कारखान्यातली फोक्सवॅगन पोलो, रांजणगावची फियाट पुंटो आणि ह्युंदाईची आय-ट्वेंटी. या सगळ्यांची घडण एकाच धाटणीची आहे. इंजिन पुढे, ओढ पुढच्या चाकांना, पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम. त्यामुळे एकीला जे लागू पडते ते थोड्याफार फरकाने बाकीच्यांनाही पडते.

मराठवाड्यात मोटारींचे सर्किट नाही. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा साधारण ३.७ किलोमीटरचा ट्रॅक नांदेडहून हैदराबादमार्गे नऊशे किलोमीटरच्या आसपास पडतो. कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे लातूरहून हजारावर जातो. ट्रेलर परवडणारे थोडेच. म्हणजे जी गाडी ट्रॅकवर वळणार, तिनेच आधी तो सगळा रस्ता कापायचा, दिवसभर मार खायचा आणि घरी परत यायचे. पुढचे सगळे अशा गाडीसाठी आहे.

बॉनेट उघडले की दोन्ही स्ट्रटची वरची टोके जोडणारा स्ट्रट बार लगेच नजरेत भरतो, म्हणून तो सगळ्यात आधी बसवला जातो. माझे मत याच्या उलट आहे. चासी ताठ करण्याचे काम खरे आणि उपयोगाचे आहे, पण त्याचा नंबर उशिरा लागतो. टायर, बुश, अलाइनमेंट आणि शॉकअप यांच्या आधी बसवलेल्या बारचे पैसे जवळपास वाया जातात. असे का, हे समजायला वळणावर काय घडते तिथून सुरुवात करावी लागेल.

पुढची चाके आधी का हरतात

या गाड्यांचे साठ टक्क्यांहून अधिक वजन पुढच्या चाकांवर असते. वळायचे, ओढायचे आणि ब्रेकचा मोठा भार उचलायचा, ही तिन्ही कामे त्याच दोन टायरना करावी लागतात. वेग थोडा जास्त झाला की स्टेअरिंग फिरवूनही नाक बाहेरच जात राहते. यालाच अंडरस्टीअर म्हणतात.

आता एक हिशेब. ड्रायव्हरसह गाडी ९५० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५२ सेंटिमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर दीड मीटर धरू. गाडी ०.८ जी एवढ्या जोराने वळत असेल तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार होतो ९५० × ०.८ × ०.५२ ÷ १.५, म्हणजे सुमारे २६३ किलो. टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडते. बाहेरच्या टायरने जे कमावले ते आतल्याने गमावलेल्यापेक्षा कमीच भरते, आणि जोडीची एकूण पकड घटते.

या सूत्रात स्प्रिंग नाही, शॉकअप नाही, कुठला बारही नाही. आहेत फक्त वजन, उंची आणि रुंदी. स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार यांनी एकूण सरकणारा भार कमी होत नाही. तो पुढच्या आणि मागच्या जोडीत कसा वाटला जावा, एवढेच त्यांनी ठरते. सस्पेन्शनची सगळी कला या वाटणीत आहे.

पहिला खर्च कशावर

टायरवर. चांगल्या रबराचे, अलीकडच्या तारखेचे चार सारखे टायर घेतले तर कोणत्याही एका सुट्या भागाने पडत नाही एवढा फरक पडतो. मूळ मापापेक्षा फार रुंद टायर घेऊ नयेत. ८०-९० पीएसच्या इंजिनाला ते ओढणे जड जाते आणि चाकाचे वजनही वाढते. हवा थंड असताना भरली तर ३० पीएसआयचा टायर काही फेऱ्यांतच ३४-३५ वर जातो, त्यामुळे ट्रॅकवर हवा गरम टायरची मोजायची.

मग बुश. पाच-सात वर्षे नांदेड-लातूर केलेल्या गाडीचे लोअर आर्म बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट आणि स्ट्रट माउंट आधी बदलावेत. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जाणाऱ्या भागात रबर लवकर कडक होते आणि चिरते. चिरलेला बुश ब्रेक दाबताच चाकाला मागे-पुढे सरकू देतो आणि मोजून बसवलेले अलाइनमेंट त्या क्षणी निरर्थक होते. पॉलियुरेथेनचे बुश चाक घट्ट धरतात, पण रस्त्याची थरथर केबिनमध्ये आणतात आणि ग्रीस नसेल तर करकरतात. लांबचा प्रवास करणाऱ्या गाडीला कंपनीचे नवे रबरी बुश पुरेसे आहेत.

ब्रेक ऑइल न बदलता ट्रॅकवर जाऊच नये. नव्या डॉट ३ ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०, डॉट ५.१ चा २६०. हे ऑइल हवेतली ओल शोषते आणि ओल मुरलेल्या डॉट ४ चा उकळबिंदू १५५ पर्यंत उतरलेला धरतात. ऑइल उकळले की त्यात वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते.

अलाइनमेंट

कारखान्यातून येणाऱ्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा कल, शून्याच्या आसपास असतो. वळणावर बॉडी कलते, तिच्याबरोबर चाकही बाहेर कलते आणि टायर बाहेरच्या खांद्यावर चालू लागतो. ट्रॅकवरून आलेल्या टायरची बाहेरची कड झिजलेली आणि आतली जशीच्या तशी दिसते, त्याचे कारण हेच. कॅम्बर बोल्ट बसवून पुढे उणे दीड अंश मिळवता येतो. वरून कॅम्बर प्लेट बसवली तर उणे अडीचपर्यंत जाता येते, पण लांबच्या प्रवासाला दीडच बरा.

टायर खातो तो मुख्यतः टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन. पुढचा टो शून्य ठेवला तर उणे दीड कॅम्बरवर चेन्नईपर्यंत जाऊन येणे टायरला फारसे महागात पडत नाही. अलाइनमेंटवाल्याला 'कंपनीच्या मापात बसव' असे न सांगता हवी ती मापे कागदावर लिहून द्यावीत आणि काम झाल्यावर छापील आकडे मागून घ्यावेत. आधी-नंतरचे हे कागद जपून ठेवण्यासारखे असतात.

स्प्रिंग आणि शॉकअप

स्प्रिंग गाडी पेलते. शॉकअप त्या स्प्रिंगची हालचाल आवरतो. या दोन कामांची गल्लत झाली की पैसे चुकीच्या जागी जातात.

एका पुढच्या चाकावर २५० किलो झुलते वजन आणि चाकापाशी २० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग असेल तर तो कोपरा सेकंदाला सुमारे १.४ वेळा झुलतो. रस्त्यावरच्या गाडीला हे ठीक. स्प्रिंग ३५ ची केली तर आकडा १.९ च्या जवळ जातो आणि गाडी ताठ, चपळ वाटू लागते. दोनच्या पुढे गेलात तर ट्रॅक सुखाचा आणि घरचा रस्ता शिक्षेचा. येऊन-जाऊन वापरायच्या गाडीला १.६ ते १.८ हा पट्टा मी योग्य मानतो.

स्प्रिंग पावणेदोनपट कडक झाली तर तेवढाच आवर राखायला शॉकअपची ताकद सुमारे ३२ टक्क्यांनी वाढावी लागते. कंपनीच्या जुन्या शॉकअपवर नुसती कडक स्प्रिंग चढवली की गाडी आदळते आणि मग उसळत राहते. आपल्या भागात हे लगेच उघडे पडते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरच्या डांबरी रस्त्याला लांबच लांब लाटा येतात. राष्ट्रीय महामार्ग ३६१ सोडून अहमदपूर, लोहा किंवा उदगीरच्या आतल्या रस्त्याला लागा. कमजोर शॉकअपची गाडी पहिल्या लाटेवर उठते, दुसरीवर अजून वर जाते आणि तिसरीवर चाके हलकी पडतात. गाडी वर उठताना शॉकअप जो विरोध करतो त्याला रिबाउंड म्हणतात. शॉकअप निवडताना आधी हीच बाजू पाहावी.

त्यामुळे स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनेच घ्यावेत. थोडी कडक, थोडी ठेंगणी स्प्रिंग आणि तिला जुळणारा बिलस्टीन, कोनी किंवा केवायबीचा शॉकअप हा सर्वांत शहाणा मार्ग आहे. आटे फिरवून उंची बदलता येणारे कॉइलओव्हर आकर्षक असतात. पण त्यांच्या आट्यांत धूळ आणि चिखल बसला की ते जाम होतात आणि सील गळू लागला तर रिबिल्डसाठी गाडी उभी राहते. घेण्याआधी रिबिल्ड कुठे होणार, हे विचारून ठेवावे.

एक प्रकार मात्र कधीही करू नये. स्प्रिंग गॅस कटरने कापून गाडी खाली करणे अजूनही चालते. सहा चालत्या वेढ्यांपैकी एक कापला तर स्प्रिंग २० टक्के कडक होते, हे खरे. पण ज्योतीच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते, कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक खड्ड्यात लोंबले की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. वेढ्यांमध्ये रबरी बफर खुपसण्याने त्या जागेपुरती स्प्रिंग मुकी होते आणि उरलेल्या वेढ्यांवर ताण येतो. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत दोन्ही नकोत.

किती खाली आणावी

वरच्या हिशेबात गाडी ३० मिलिमीटर खाली आणली तर सरकणारा भार २६३ वरून २४८ किलोवर येतो. फायदा आहे, पण पंधरा किलोचाच.

त्याची किंमतही असते. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये गाडी फार खाली गेली की लोअर आर्म चाकाकडे वर चढलेला दिसू लागतो. बॉडी ज्याभोवती कलते तो बिंदू, म्हणजे रोल सेंटर, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. म्हणजे ज्या तरफेने बॉडी कलते ती लांब होते आणि ठेंगणी गाडी उलट जास्त कलू पाहते. टाय रॉडचा कोन बिघडून खड्ड्यात स्टेअरिंग आपोआप ओढू लागते. अलीकडच्या स्विफ्टला जमिनीपासून १६३ मिलिमीटर उंची मिळते आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर मनमानी उंचीचे गतिरोधक आहेत. २० ते २५ मिलिमीटर खाली, त्याहून नको. गाडी किती 'बसली' यावरून तिचे मोल करणाऱ्यांचे ऐकू नये.

स्टॅबिलायझर बार

भाराची वाटणी बदलण्याचे सर्वांत थेट साधन म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा हा पिळता बार. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरच्या जागी २२ चा बार घातला की ताठपणा ४६ टक्क्यांनी वाढतो. दोन मिलिमीटर क्षुल्लक समजू नयेत.

बार कुठे जाड करायचा हा खरा प्रश्न आहे. पुढचा जाड केला तर भाराचा जास्त वाटा पुढच्या जोडीवर येतो, आणि ती जोडी तर आधीच थकलेली असते. कलणे कमी झाल्याने कॅम्बर थोडा सावरतो, पण अंडरस्टीअर वाढण्याचीच शक्यता जास्त. मागच्या टॉर्शन बीमला बोल्टने जोडायचा बार बसवला तर मागची जोडी जास्त वाटा घेते आणि पुढच्या टायरना मोकळीक मिळते. जोरदार वळणावर आतले मागचे चाक जमिनीवरून उचलले जाते. अशा गाडीत ते नेहमीचे आहे, त्यात बिघाड नाही.

पण मागचा बार अति झाला तर वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर सोडताच शेपूट बाहेर येते. ट्रॅकवर अनुभवी माणूस ते वापरून घेतो. जूनच्या पहिल्या पावसात, महिन्यांची धूळ आणि तेल भिजून निसरड्या झालेल्या रस्त्यावर तेच जीवावर बेतू शकते. दोन-तीन भोकांचा, कमी-जास्त करता येणारा बार घ्यावा आणि रस्त्यासाठी सगळ्यात सैल भोकात ठेवावा.

चासीचे बार: काय करतात, काय करत नाहीत

लातूरजवळच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यातून २५ डिसेंबर २०२० रोजी डब्याची पहिली शेल बाहेर पडली. त्या शेलचे आणि हॅचबॅकच्या बॉडीचे तत्त्व एकच. वेगळी चौकट नाही, पत्र्याचे घडवलेले भाग जोडून झालेले कवचच सगळा भार पेलते. आपण चासी म्हणतो खरे, पण ट्रकसारखी चासी या गाड्यांना नसतेच.

हे कवच वळणावर थोडे मुरडते. मुरडणारी बॉडी ही शॉकअप नसलेली स्प्रिंग आहे. ती सस्पेन्शनच्या रांगेत बसते आणि पुढे-मागे ठरवलेली भाराची वाटणी अर्धवट पोचवते. किती, हे दोघांच्या प्रमाणावर आहे. समजा सस्पेन्शन एक अंश कलायला ८०० न्यूटन-मीटर लागतात आणि शेल एक अंश मुरडायला ८,०००. प्रमाण एकास दहा. इथे बारने शेल दहा टक्के ताठ केली तरी ड्रायव्हरला कळणार नाही. तेच सस्पेन्शन कडक करून २,००० वर नेले की प्रमाण एकास चार होते आणि शेलची प्रत्येक हालचाल जाणवू लागते. म्हणून आधी शॉकअप-स्प्रिंग, मग बार.

पुढच्या स्ट्रट बारचे एक काम याहून वेगळे आहे. मॅकफर्सनमध्ये स्ट्रटचे वरचे टोक आडवा जोरही झेलते. त्या टोकाचा पत्रा आत-बाहेर हलला की कॅम्बर हलतो. दोन्ही टोके जोडणारा बार ही हालचाल कमी करतो आणि स्टेअरिंगचा पहिला प्रतिसाद स्वच्छ होतो. मात्र बार एकसंध हवा. दोन्ही टोकांना बिजागरीसारखा बोल्ट असलेला बार लांबी तेवढी राखतो, कोन राखत नाही. शेताच्या फाटकाला तिरपी पट्टी नसेल तर ते लोंबते, तसेच इथेही आहे. फायरवॉलला तिसरा पाय टेकणारा बार त्रिकोण करतो आणि दोन टोकांच्या बारपेक्षा बरेच काम देतो.

लोअर आर्म ज्या गाडीत सबफ्रेमच्या उघड्या टोकांना बसतात तिथे त्या दोन जागा जोडणारा खालचा बार उपयोगी आहे, आणि दिसत नसल्याने दुर्लक्षितही. मागे मात्र विचार करून खर्च करावा. हॅचबॅकच्या मागच्या दाराचे मोठे भोक आणि दुमडणारे सीट यांमुळे शेल तिथे खरोखर कमजोर असते. पण टॉर्शन बीमच्या गाडीत मागच्या शॉकअपचे वरचे टोक आडवा जोर घेत नाही. तो जोर बीम जिथे बॉडीला बसतो त्या बैठकींमध्ये जातो. मागच्या शॉकअप टॉवरना जोडणाऱ्या रंगीत बारपेक्षा बीमच्या बैठकीजवळचा फ्लोअर बार जास्त देतो. फक्त तो लोंबता नको.

बसवताना गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी असावी. जॅकवर किंवा दोन खांबी लिफ्टवर लटकलेल्या गाडीत बोल्ट आवळले तर शेल वाकलेल्या अवस्थेत बांधली जाते.

खर्च करण्याआधी एक तपासणी करावी. पुढचा एक कोपरा जॅकच्या ठरलेल्या बिंदूवर उचलून त्या बाजूचे दार उघडून-लावून पाहावे आणि दाराची फट आधी-नंतर मोजावी. दार अडत असेल तर स्ट्रट टॉवरभोवतीचे सीलंट, स्पॉट वेल्डच्या रेषा आणि जुन्या अपघाताची डेंटिंग तपासावी. कोरड्या हवेमुळे इकडच्या जुन्या गाड्या कोकणातल्या गाड्यांपेक्षा कमी गंजलेल्या असतात, ही जमेची बाजू. पण ठोकून सरळ केलेला टॉवर कोणत्याही बारने दुरुस्त होत नाही.

पिंजरा

२०१० मध्ये भारतात सुरू झालेल्या फोक्सवॅगन पोलो कपच्या गाड्यांत पोलादी रोल केज होता. शेल ताठ करण्यात त्याच्या तोडीचे काही नाही. तरी रोजच्या गाडीत तो बसवू नये. हेल्मेट न घातलेले डोके साध्या धक्क्यातही त्या नळीवर आपटू शकते.

आरटीओ आणि विमा

एमएच २६ असो वा एमएच २४, नियम सारखाच. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या वैशिष्ट्यांत बदल करायला मनाई करते आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे मांडले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कंपनीच्या मापाचे भाग नवे करणे आणि बोल्टने लावता-काढता येणारे बदल निवडणे सुरक्षित. काढलेले मूळ भाग फेकू नयेत. मोटार विमा शर्यत आणि वेगचाचणीला लागू होत नाही, म्हणून ट्रॅकवरचे नुकसान आपल्याच खिशातून जाते.

बायपासवर रात्री सस्पेन्शन 'तपासून' बघण्याचा मोह अनेकांना होतो. त्या रस्त्यावर दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात, माणसे असतात. ट्रॅकसाठी बांधलेल्या गाडीची हद्द तिथे कोणालाही शोधू देऊ नये.

ट्रॅकवरचा दिवस

गाडी बांधण्याआधी हात बसलेला बरा. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. तिथे वळणाची आखणी आणि ब्रेकची जागा कमी खर्चात शिकता येते.

ट्रॅकवर पहिल्या सत्रात काहीच बदलू नये. सारख्या वेगाने फेऱ्या माराव्यात, वेळ लिहावी, आणि पिटमध्ये येताच प्रत्येक टायरचे आतले, मधले आणि बाहेरचे तापमान मोजावे. मधला भाग जास्त गरम असेल तर हवा जास्त आहे. बाहेरची कड फार गरम असेल तर कॅम्बर कमी पडतो. दोन्ही कडा गरम आणि मधला भाग थंड असेल तर हवा कमी आहे.

दुसऱ्या सत्राआधी फक्त हवा बदलावी, तिसऱ्याआधी फक्त शॉकअपचा रिबाउंड, तोही एक-दोन क्लिकने. नाक अजून बाहेर जात असेल तर चौथ्या सत्राआधी मागचा बार एक भोक कडक करावा. एका वेळी एकच बदल केला, तर कशाने काय झाले ते कळते. संध्याकाळी चाकांचे नट टॉर्क रेंचने आणि बारचे बोल्ट पान्याने पुन्हा आवळावेत, ब्रेक पॅडची जाडी पाहावी, मागचा बार परत सैल भोकात आणावा, हवा रस्त्याच्या मापाला भरावी आणि मगच गाडी हैदराबादच्या रस्त्याला लावावी.